पलटण ‘उचलली’ म्हणावं की नाही?

येळ्ळूरची लेक: गावच्या माजी सैनिकांच्या स्मरणिकेसाठी काकांच्या आठवणी लिहून घेतल्या. काका मराठा लाईट इन्फंट्रीतले. त्यांचं वाक्य असं: “जुलै १९८७ला लंकेचा करार झाला आणि लगेच आम्हाला उचललं, पलालीला टाकलं.” (करार भारत-श्रीलंकेचा; पलाली म्हणजे जाफन्याजवळचा विमानतळ.) संपादकांनी केलं, ‘सैन्याचे हवाई परिवहन करण्यात आले.’ काका नाराज. परिवहन म्हणजे एसटी, म्हणतात. एअरलिफ्टला दुसरा शब्द आहे का?

निपाणीकर: ‘उचललं’ मात्र नको. १९८६च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात वडिलांना रात्री घरातनं उचललं होतं. आमच्याकडे त्या शब्दाला तोच एक अर्थ. ‘हवाईमार्गे रवानगी’ लिहा.

खानापूरकर: हवा अरबी, रवानगी फारसी. आपण इथं मराठीसाठी भांडायचं आणि स्मरणिकेत हे? ‘विमानवहन’ करा.

निपाणीकर: मग पलटणही काढा, तोही परकाच. कुमक तुर्की, तीही काढा. काय उरलं सांगा की.

सांबरा: वीस वर्षं नोकरी केलोय, म्हणून सांगतो. ‘उचललं’ बरोबर आहे, आम्ही तेच म्हणायचो. चूक ‘टाकलं’मध्ये आहे. ११ डिसेंबर १९७१ला आताच्या बांगलादेशातल्या टांगाइलला २ पॅरा या छत्रीधारी पलटणीची पोरं हवाई छत्रीनं उतरली. ती मूळची मराठा पलटण. त्याला ‘टाकलं’ शोभतं. पलालीला विमान धावपट्टीवर टेकलं, मागचा दरवाजा उघडला आणि माणसं पायानं उतरली. १९८८च्या नोव्हेंबरात मालदीवलाही तसंच. आग्र्याहून आयएल-७६ ही मालवाहू विमानं उडाली ती रात्री हुलहुलेच्या धावपट्टीवरच उतरली. तिथं ‘उतरवलं’च पाहिजे.

खानापूरकर: पलटण बटालियनवरून आला की प्लाटूनवरून? आमचे आजोबा बटालियनच सांगायचे.

सांबरा: प्लाटून म्हणजे तीसेक माणसं. पलटण म्हटलं की आठशे. बटालियनच असणार.

निपाणीकर: आकड्यावरून व्युत्पत्ती ठरत नाही हो. प्लाटून ज्यावरून आला तो फ्रेंचांचा ‘पेलोतों’ बघा, उच्चार किती जवळचा आहे.

कडोली: आमचा थोरला भाऊपण त्याच वेळी गेला. पाकिटावर नुसतं ‘५६ एपीओ’, म्हणजे लष्करी टपालाचा पत्ता, गावाचं नाव नाही. लंकेत आहे हे आईला दोन महिन्यांनी कळलं. मग पाणंदीत भेटेल त्याला सांगायची, “दादाला विमानानं न्हेलंय.” एवढंच.

येळ्ळूरची लेक: कडोली, हे वाक्य स्मरणिकेत घेऊ का? सोमवारी छापायला जातंय.