पंधरावा अध्याय पाठ होतो, पण टिकत नाही

प्रश्न : महालकर
निवृत्तीनंतर गीतेचा पंधरावा अध्याय मुखोद्गत करण्यास घेतला आहे. श्लोक वीसच आहेत. पोथी समोर ठेवून रोज पुन्हा पुन्हा वाचतो तेव्हा कुठेही अडखळत नाही, परंतु सकाळी नागपूरच्या शुक्रवारी तलावाकडे फिरताना म्हणू लागलो, की एक श्लोक संपल्यावर पुढचा सुचतच नाही. हा वयाचा परिणाम समजावा काय?

उत्तर : धरमपेठवासी
वयाला इतक्यात बोल लावू नये. पोथी उघडी असताना स्मरणशक्तीला काही कामच उरत नाही. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगांत पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी सरस ठरले, पण आठवड्यानंतर तो न पाहता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. तेव्हा एकदा वाचून पोथी मिटावी आणि अडले तरी थोडे थांबून आठवू द्यावे.

उत्तर : रामटेककर
आपली अडचण श्लोकांची नसून सांध्यांची आहे. वेदपाठी क्रमपाठात पहिले पद दुसऱ्याशी, दुसरे तिसऱ्याशी असे जोडत जातात. आपण एका श्लोकाचा शेवटचा चरण आणि पुढच्याचा पहिला एवढेच जोडून घोकावे. ‘तद्धाम परमं मम’ नंतर ‘ममैवांशो’ आपसूकच येते. पहिल्या श्लोकानंतर मात्र चरणात आठ अक्षरे असलेल्या अनुष्टुभ छंदाची चाल सुटून अकरा अक्षरी त्रिष्टुभ सुरू होतो, तो सहाव्या श्लोकाशी पुन्हा अनुष्टुभावर येतो. बहुतेकांची गाडी तिथेच अडते, म्हणून त्या दोन जागा वेगळ्या घोटाव्यात.

उत्तर : बर्डीवाले
सांधे घोटून बसतील, हे मान्य. पण अर्थ कळला तर निम्मे घोकणे वाचते, असे माझे मत आहे. बारा ते पंधरा हे श्लोक पाहा : आधी सूर्य, चंद्र व अग्नी यांतील तेज, मग पृथ्वीत शिरून वनस्पतींचे पोषण, मग पोटात अन्न पचवणारा वैश्वानर आणि शेवटी हृदय. आकाशापासून आत येणारी ही वाट एकदा ध्यानात आली, की क्रम चुकणे कठीण.

महालकर
सर्वांचे आभार. फिरताना शब्द चुकला आणि ते कळलेच नाही, तर चुकीचाच पाठ पक्का होणार नाही काय?

धरमपेठवासी
होईल. म्हणून घरी परतताच पोथीशी ताडून पाहावे. मुखस्थ झालेली चूक सुधारणे नव्या पाठांतरापेक्षा जड जाते.