वेगवान विमान घेण्याआधी ३०० तास हवेतच!

धागाकर्ता

माझ्या एका उड्डाणमित्राच्या लॉगबुकात जेमतेम ९० तास आहेत, तेही सगळे सेसना १७२ या संथ, शिकाऊ विमानावरचे. आता तो जुनं बोनान्झा घेतोय, म्हणजे चाकं आत घेणारं वेगवान विमान. मी थांब म्हणालो, त्यावरून आमचं वाजलं.

अमेरिकेत यासाठी तासांची अटच नाही. चाकं आत घेणारं, २०० अश्वशक्तीवरचं विमान असलं तरी इन्स्ट्रक्टरने शिकवून लॉगबुकात सही केली की मोकळे. मला हे धोक्याचं वाटतं. १७२ साधारण ११५ नॉटने (ताशी सागरी मैल) जातं, बोनान्झा १६५ च्या आसपास. ढगात दिशाभूल होऊन नाक खाली गेलं, तर १७२ सावरायला थोडा वेळ देतं. बोनान्झाचा वेगाचा काटा बघता बघता लाल रेषेला भिडतो. व्ही आकाराच्या शेपटीच्या बोनान्झाला 'डॉक्टर मारणारं विमान' म्हणायचे, कारण घेणाऱ्याकडे पैसा होता, सराव नव्हता. माझं मत: ३०० तास आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (ढगात फक्त उपकरणं बघून उडवायची पात्रता), त्याआधी नाही.

प्रतिसाद १

पूर्ण असहमत. स्वच्छ हवेत त्याच धावपट्टीभोवती घिरट्या घालून ३०० तास भरले, तर तो एकच तास तीनशे वेळा उडवला. त्यातून बोनान्झाचं काय कळणार? उलट सवयी घट्ट होतात. जे विमान पुढे दहा वर्षं उडवायचं, त्यावरच लवकर बसावं, शेजारी इन्स्ट्रक्टर घेऊन. आणि त्या व्ही शेपटीचं खापर फक्त पायलटांवर नको, ती शेपूट नंतर मजबूत करावी लागली होती.

प्रतिसाद २

तासांचं राहू द्या, माझ्यावर काय गुदरलं ते सांगतो. १७२ वरून वेगवान विमानावर गेलो तेव्हा माझे २२० तास झाले होते. नऊ हजार फुटांवरून हजारावर यायचं होतं. मिनिटाला ५०० फूट उतरायचं तर सोळा मिनिटं लागतात. १२० नॉटला त्यात ३२ सागरी मैल जातात, १८० नॉटला ४८. मी सवयीने ३२ मैलांवर उतरायला लागलो. मग उंची जास्त, वेगही जास्त, आणि चाकं सोडायच्या वेगमर्यादेच्या वर असल्याने चाकंही सोडता येईनात. थ्रॉटल मागे घेतला तरी वेग हटेना. इन्स्ट्रक्टर गप्प बसून बघत होते. शेवटी म्हणाले, "विमान पोचलं, तुम्ही अजून मागे आहात." धावपट्टीवरून तसाच पुढे गेलो, फेरी मारली, हात लिव्हरवर ठेवून मोठ्याने "तीन हिरवे" (तिन्ही चाकं खाली आल्याचे दिवे) म्हणालो आणि मगच उतरलो. अजूनही मोठ्यानेच म्हणतो.

प्रतिसाद १

म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरलं. २२० तास होते, कामाला आला तो इन्स्ट्रक्टर. मित्सुबिशीच्या एमयू-२ चं उदाहरण घ्या. वेगवान, दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं, अपघातांनी बदनाम झालेलं विमान. २००८ मध्ये अमेरिकेच्या एफएएने (विमानवाहतूक नियामक संस्था) त्या विमानासाठी खास प्रशिक्षण सक्तीचं केलं आणि अपघात ठळकपणे घटले. विमान तेच होतं, बदललं ते शिक्षण.

प्रतिसाद ३

अर्धंच सांगितलंत. त्याच नियमात दोन इंजिनांच्या विमानावर कमांडचे, म्हणजे मुख्य वैमानिक म्हणून, किमान १०० तास ही अटही आहे. शिक्षण मुरायला आधी जमीन लागते. ९० तासांच्या माणसाचं निम्मं लक्ष अजून रेडिओ आणि नकाशातच असतं. वेग १२० वरून १८० झाला की ऊर्जा सव्वादोन पट होते, ती उतरताना जिरवायची कुणी? विमा कंपन्या उगाच त्या प्रकारच्या विमानावरचे तास विचारत नाहीत.

धागाकर्ता

प्रतिसाद २ वाचून थोडा हललो. ३०० चा आकडा मी मनानेच धरला होता, त्यावर अडून बसत नाही. पण इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं सोडणार नाही. वेगवान विमान दूर जाण्यासाठीच घेतात, आणि दूर गेलं की हवा बदलतेच. त्याला आज फोन करतो: विमान घे, पण रेटिंग होईपर्यंत इन्स्ट्रक्टरशिवाय लांबचा प्रवास नको. ऐकेल की नाही, सांगता येत नाही.

प्रतिसाद १

हे मान्य. फक्त ते रेटिंग त्याने बोनान्झावरच करावं, १७२ वर नको.