नारायणरावांचा खून झाला नसता तर मराठेशाही टिकली असती का?

वाडेकर७३:
काल शनिवारवाड्यात गेलो होतो, तिथे एक जण पोरांना "काका मला वाचवा" आणि अमावस्येचं भूत सांगत होता आणि सगळे व्हिडिओ काढत होते. खूप वाईट वाटलं. ३० ऑगस्ट १७७३ ला तिथे जे झालं ते भुताच्या गोष्टीपेक्षा फार मोठं आहे. माझं स्पष्ट मत, मराठेशाही पानिपतावर नाही, या वाड्यात मोडली. पानिपतानंतर माधवराव पेशव्यांनी सगळं सावरलं होतं, १७७२ ला तर मराठ्यांनीच शाहआलमला दिल्लीत आणून बसवलं, आणि मग त्यांच्या माघारी १८ वर्षांचा पेशवा, त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव, स्वतःच्या घरात गारद्यांच्या (पगारी पहारेकरी शिपायांच्या) हातून मरतो, चुलता राघोबा गादीवर बसतो, बारभाईंनी (नाना फडणवीस वगैरे कारभाऱ्यांनी) हाकलल्यावर इंग्रजांकडे जातो आणि १७७५ ला सुरतेच्या तहात मुंबईजवळची साष्टी-वसई देऊन टाकतो. चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेली वसई!

मुळाकाठ:
दादा, अजिबात पटत नाही. साष्टीवर इंग्रजांचा डोळा आधीपासून होता, त्यांचा वकील मॉस्टिन १७७२ लाच पुण्यात येऊन बसलेला आणि साष्टीतलं ठाणं तर त्यांनी १७७४ च्या डिसेंबरात, तहाच्या आधीच घेतलं. भाऊबंदकीही जुनीच, माधवराव आणि राघोबांच्या आळेगाव, धोडपच्या लढाया विसरलात का? आणि राज्य मोडलं म्हणता तर १७७९ ला वडगावला इंग्रज फौज शरण कशी आली? निजामाला हरवलं ती खर्ड्याची लढाई १७९५ ची आहे.

सातारची लेक:
'ध चा मा' अजून कुणी काढला नाही म्हणून आधीच सांगते, राघोबांच्या बायकोने, आनंदीबाईंनी, हुकमातलं अक्षर बदलून 'धरावे'चं 'मारावे' केलं हे कुठेही सिद्ध झालेलं नाही, तरी अडीचशे वर्षं शिव्या त्यांनाच. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी दोषी ठरवलं ते राघोबादादांना. आणि त्यांना काय शिक्षा झाली? काहीच नाही, इंग्रजांशी झालेल्या सालबाईच्या तहात तनखा लावून दिला, १७८३ ला कोपरगावला वारले. मला तर खुनापेक्षा हे जास्त लागतं.

वाडेकर७३:
ताई, पूर्ण सहमत. @मुळाकाठ वडगाव जिंकलं खरं पण १७८२ च्या सालबाईत साष्टी इंग्रजांकडेच राहिली ना. आणि एक हिशोब करा, नारायणराव जगले असते तर १८०२ ला ४७ वर्षांचे असते. चाळीस दिवसांचं बाळ पेशवा करावं लागलं नसतं, आणि राघोबाचा मुलगा बाजीराव गादीवर येऊन १८०२ चा वसईचा तह करून इंग्रजांचा मांडलिक व्हायची वेळच आली नसती.

मुळाकाठ:
४७ चा मुद्दा बरोबर आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण मग खूनच मोजायचे तर विठोजी होळकरांचा मोजा. १८०१ ला बाजीरावाने त्यांना शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायी दिलं, दुसऱ्या वर्षी त्यांचे भाऊ यशवंतराव पुण्यावर चालून आले, हडपसरला शिंदे-पेशव्यांची फौज बुडवली आणि बाजीराव पळाला तो थेट वसईला इंग्रजांच्या छत्राखाली. नारायणरावांनंतर नाना फडणवीस होते, महादजी शिंदे होते, म्हणून दौलत सावरली. विठोजींच्या वेळी दोघंही गेलेले होते. त्या हत्येची पाटी तरी वाड्यासमोर कुणी पाहिलीये का, मला दिसली नाही कधी.

वाडेकर७३:
मलाही नाही. विठोजींचं मी या बाजूने बघितलंच नव्हतं. तरी एक विचारतो, तो हुकूम देणारा बाजीराव त्या गादीवर आला कुठल्या वाटेने?