पाय साथ देत नाही, एमडीला कुठली ब्रांच घेऊ? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी अमळनेरकडचा, एमबीबीएस झालंय, इंटर्नशिप संपत आली. बारावीत असताना ट्रॅक्टर उलटला तेव्हापासून उजव्या पायात कॅलिपर (पायाला आधार द्यायचा सांगाडा) आहे, अर्धा तास सलग उभं राहिलं की पाय भरून येतो, लेबर रूमच्या नाईट ड्युट्या कशा काढल्या माझं मला माहीत. सर्जरी फार आवडायची पण ती सोडली, अजून जीव तुटतो. आता पॅथॉलॉजी, रेडिओलॉजी की सायकियाट्री? रेडिओलॉजीत बसून काम पण लेड अ‍ॅप्रनचं (एक्स-रे किरणांपासून वाचायला घालायचा शिशाचा कोट) वजन झेपेल का? ४० टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट आहे, दिव्यांगांच्या ५ टक्के कोट्यातून फॉर्म भरणारे. आईला वाटतं पोराने पेशंट बघावेत, मलाही तेच वाटतं. कुणी अशा पायाने रेसिडेन्सी (एमडीचं हॉस्पिटलमधलं ट्रेनिंग) केली असेल तर प्लीज सांगा, पहिलं वर्ष कसं काढलंत?