मिडवाइफने गरोदरपणाची सोनोग्राफी करावी का, आणि आपल्याकडे करता येते का?

प्रश्न (खानापूर तालुक्यातील परिचारिका)
मी जीएनएम (नर्सिंग आणि प्रसूतिसेवेची पदविका) झालेली असून बेळगावातील एका खासगी प्रसूतिगृहात काम करते. इंग्लंडमध्ये प्रशिक्षण घेतलेल्या मिडवाइफ (प्रसूतिसेविका) स्वतः सोनोग्राफी करतात, असे कळल्यापासून हे काम शिकण्याची मनापासून इच्छा आहे. कणकुंबी-जांबोटीकडच्या बायका सोनोग्राफीसाठी बेळगाव गाठतात आणि पावसाळ्यात त्यांचा अख्खा दिवस त्यातच जातो. शिक्षण घेतले तर मला हे काम इथे करता येईल का? दुसरे असे की, डॉक्टर शस्त्रक्रियेत अडकले की "सिस्टर, तुम्ही नुसते ठोके बघून ठेवा, सही मी करतो" असे म्हणतात. ते मी करावे का?

उत्तर (निपाणीची, सध्या इंग्लंडमध्ये मिडवाइफ)
ताई, इथे आधी मिडवाइफ म्हणून नोंदणी असावी लागते आणि त्यानंतर सोनोग्राफीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करावा लागतो. त्यात वर्गापेक्षा अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष तपासण्याच अधिक असतात. नर्स आणि मिडवाइफ या इथे दोन स्वतंत्र नोंदण्या आहेत, हे येण्याआधी नीट समजून घ्या. पहिल्या तिमाहीत बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून दिवस ठरवतात. वीस आठवड्यांच्या सुमारास होणाऱ्या तपासणीत ठरलेले 11 विकार शोधले जातात, आणि खरा कस तिथे लागतो. हृदयाचे चार कप्पे एका चित्रात धरायचे, मग प्रोब (पोटावर फिरवायचे उपकरण) किंचित बाळाच्या डोक्याकडे झुकवून मोठ्या रक्तवाहिन्या कुठून निघतात ते पाहायचे. बाळ पाठ वर करून पडले असेल तर आईला कुशीवर वळवायचे, जरा फिरून यायला सांगायचे, आणि तरीही दिसले नाही तर "दिसले नाही" असेच लिहायचे. अंदाजाने रकाना भरणाऱ्या माणसाने या कामात येऊच नये. आपण गप्प झालो की आईचे डोळे पडद्यावरून आपल्या चेहऱ्यावर येतात. त्या क्षणी तिच्याशी कसे बोलावे, हे मिडवाइफला बाळंतपणाच्या खोलीतच कळलेले असते, आणि म्हणून ती या कामाला योग्य आहे असे माझे ठाम मत आहे. खांदा आणि मनगट मात्र कायमचे दुखू लागतात, तेव्हा पलंगाची उंची नीट करून घेण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

उत्तर (बेळगावातील स्त्रीरोगतज्ज्ञ)
सिस्टर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट "नाही" असे आहे. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या 1994 च्या पीसीपीएनडीटी कायद्यानुसार गर्भवतीची सोनोग्राफी पात्र डॉक्टरनेच, नोंदणीकृत केंद्रातच करायची असते. सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाची जी तरतूद आहे तीही एमबीबीएस डॉक्टरांसाठीच आहे. जीएनएम, बीएस्सी नर्सिंग किंवा रेडिओग्राफीच्या पदविकेने हा अधिकार मिळत नाही. "नुसते ठोके" पाहणे हीदेखील सोनोग्राफीच ठरते आणि तिचाही फॉर्म एफ (या कायद्याखालचा प्रत्येक तपासणीच्या नोंदीचा फॉर्म) भरावा लागतो. ज्याने तपासणी केलीच नाही त्याने सही केली, तर ती नोंद खोटी होते. शिक्षा फक्त मालकाला होते असेही समजू नका. केंद्रात नोकरीला असलेली आणि तांत्रिक काम करणारी व्यक्तीही कलम 23 खाली येते, आणि पहिल्याच गुन्ह्याला 3 वर्षांपर्यंत कैद व 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे. ठोके ऐकायचे असतील तर हातातला डॉप्लर वापरा, त्यात चित्र येत नाही.

कायदा इतका कडक का, हे आपल्या भागात वेगळे सांगायला नको. कागवाडपासून जवळ, पण महाराष्ट्राच्या हद्दीत असलेल्या म्हैसाळला 2017 च्या मार्चमध्ये पुरलेले 19 स्त्रीभ्रूण सापडले होते. राज्याची हद्द ओलांडली की चौकशी करणारी यंत्रणाही बदलते, याचा फायदा असे धंदे करणारे लोक घेतात. प्रशिक्षित मिडवाइफकडे हे काम सोपवता येऊ शकते, पण सातत्याने प्रशिक्षण आणि देखरेख असेल तरच, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये म्हटले आहे. वरच्या ताईंशी मी तत्त्वतः सहमत आहे; तरी आपल्याकडे ती देखरेख उभी राहीपर्यंत हे दार बंद असावे, असे मला वाटते.

उत्तर (निवृत्त आरोग्य साहाय्यिका, खानापूर)
बाई, प्रोब हातात नसला तरी सोनोग्राफीचा अर्धा उपयोग तुमच्याच हातात आहे, कारण बाईला कोणत्या आठवड्यात पाठवायचे ते आपण ठरवतो. पाळीची तारीख विचारली की आपल्याकडच्या बायका "गणपतीच्या आधी" किंवा "यल्लम्माच्या जत्रेनंतर" असे सांगतात. तेव्हा कॅलेंडर पुढ्यात ठेवून, सण कोणत्या वारी होता, पाळी त्याच्या आधी किती दिवस आली, हे शांतपणे विचारत तारखेपर्यंत पोहोचावे आणि ती तायी कार्डावर (गरोदर बाईच्या नोंदींचे सरकारी कार्ड) ठळक लिहावी. बाई सातव्या महिन्यात पहिल्यांदा मशीनखाली गेली तर दिवसांचा हिशेब दोन-तीन आठवड्यांनी चुकू शकतो, आणि पुढे बाळ खरेच वाढत नाही की तारीखच चुकली आहे, हा घोळ शेवटपर्यंत सुटत नाही. व्यंग शोधण्याची तपासणी अठरा ते वीस आठवड्यांत उरकावी, म्हणजे काही आढळल्यास गर्भपाताच्या कायद्याने दिलेल्या मुदतीत विचार करायला वेळ राहतो. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. जांबोटीकडच्या बायकांना त्या दिवशी एकत्र आणले तर सोबतही होते आणि घरचे अडवत नाहीत. पोटावरून टेप लावून गर्भाशयाची उंची प्रत्येक भेटीत मोजत जा. चोविसाव्या आठवड्यानंतर ते सेंटिमीटर साधारण आठवड्यांइतके भरतात, आणि तीनहून अधिक फरक दिसला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे चिठ्ठी द्या.