पत्रकाच्या माथ्यावर काय लिहावं : निवेदन, निमंत्रण की प्रसिद्धिपत्रक?

प्रश्न
समजा, तालुक्याच्या एका वाचनालयात २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, जुन्या कोशांचं प्रदर्शन आहे. त्याची बातमी यावी म्हणून वर्तमानपत्रांना जो मजकूर पाठवायचा, त्याला नेमकं काय म्हणायचं? निवेदन, प्रसिद्धीपत्रक, प्रेस नोट, निमंत्रण, विज्ञप्ती हे सगळे शब्द दिसतात. त्यांच्या अर्थांत फरक आहे का? आणि 'प्रसिद्धीपत्रक'मधली 'द्धी' पहिली की दुसरी?

प्रतिसाद १
फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. 'निवेदन' म्हटलं की बातमीदाराच्या डोळ्यांसमोर तहसीलदारांना द्यायचं मागण्यांचं पत्र येतं. दुसरा अर्थ सूत्रसंचालनाचा. दोन्ही इथे नकोत. 'विज्ञप्ती' या अर्थाने हिंदीत रुळलेला शब्द आहे, मराठी बातमीदार तो वापरत नाहीत. 'जाहीर प्रकटन' तर चुकूनही लिहू नका. ती पैसे भरून छापायची कायदेशीर सूचना असते, त्यामुळे मजकूर थेट जाहिरात विभागाकडे जाईल.

उरले दोन शब्द. 'प्रसिद्धिपत्रक' म्हणजे 'हा मजकूर छापा'. 'निमंत्रण' म्हणजे 'तुम्ही या आणि बातमी करा'. हे दोन कागद वेगळे आहेत. एकाच कागदावर दोन्ही कोंबले, की बातमीदाराला वाटतं ही पत्रिका आहे, आणि ती तशीच बाजूला पडते. बोलताना सगळे 'प्रेस नोट'च म्हणतात, त्यात काही बिघडत नाही.

निमंत्रण-आमंत्रणाचा वाद नेहमी निघतो. पाणिनीच्या सूत्रात हे दोन्ही शब्द आहेत. त्या सूत्रांवरच्या 'काशिकावृत्ती' या जुन्या टीकेनुसार निमंत्रण टाळता येत नाही, तर आमंत्रण ऐच्छिक असतं. आजच्या मराठीत हा भेद उरलेला नाही. बातमीदाराला बोलावताना 'वार्तांकनासाठी निमंत्रण' लिहिलं की पुरतं.

प्रतिसाद २
पहिली. 'प्रसिद्धि' हा संस्कृतात ऱ्हस्वान्त शब्द. सुटा लिहिताना मराठीत दीर्घ : प्रसिद्धी. समासात पूर्वपद झाला, की मूळचा ऱ्हस्व राहतो : प्रसिद्धिपत्रक, प्रसिद्धिमाध्यम, जसं बुद्धिवैभव. साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांपासून हेच चालत आलं आहे. मात्र 'प्रसिद्धीसाठी', 'प्रसिद्धीस' यांत दीर्घच, कारण तो समास नाही. म्हणजे एकाच कागदावर 'प्रसिद्धिपत्रक' आणि 'प्रसिद्धीसाठी' अशी दोन रूपं येतील आणि दोन्ही बरोबर असतील.

प्रतिसाद ३
माथ्यावरच्या शब्दाइतकंच पहिल्या वाक्याकडे बघा. बहुतेक पत्रकं अशी सुरू होतात :

'सालाबादप्रमाणे याही वर्षी आमच्या वाचनालयाच्या वतीने मराठी भाषा गौरव दिनाचे औचित्य साधून भव्य प्रदर्शनाचे आयोजन करण्यात आले असून...'

एवढं वाचूनही कधी, कुठे आणि काय बघायचं, हे कळत नाही. शिवाय 'आमच्या' आलं की उपसंपादकाला वाक्य मोडावं लागतं, कारण बातमी वर्तमानपत्राच्या तोंडून येते. पत्रक कायम तृतीय पुरुषात लिहावं :

'सार्वजनिक वाचनालयात शुक्रवारी (ता. २७) सकाळी १० ते सायंकाळी ६ या वेळेत जुन्या कोशांचे प्रदर्शन भरणार आहे. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती वाचकांना पाहता येईल. प्रवेश विनामूल्य आहे.'

बातमी १८५७च्या त्या प्रतीत आहे, 'औचित्या'त नाही. ती दुसऱ्या वाक्यापर्यंत आलीच पाहिजे, कारण जागा कमी पडली की मजकूर खालून कापला जातो. पाहुण्यांची नावं म्हणून शेवटी. 'मा.', 'श्री.', 'शुभहस्ते', 'मान्यवर' हे सगळं छापताना सहसा गळतं, 'डॉ.', 'प्रा.', 'ॲड.' मात्र राहतं. तेव्हा 'यांच्या हस्ते' एवढंच लिहा.

'आज', 'उद्या' हे शब्दही टाळा. पत्रक बुधवारी लिहिलेलं, छापलं गुरुवारी, तर 'उद्या' कुठला? वार आणि तारीख दोन्ही द्या, पण दिनदर्शिकेशी ताडून. वार चुकला तर उपसंपादकाला फोन करावा लागतो, आणि त्याला तेवढा वेळ नसेल तर बातमी राहते.

प्रतिसाद ४
'संपन्न झाला' हे चूक मानायचं का?

प्रतिसाद ५
चूक नाही. संस्कृतात 'संपन्न'ला 'पूर्ण झालेला' हाही अर्थ आहे. पण मराठी कानाला आधी 'सुखसंपन्न', 'गुणसंपन्न' आठवतं, आणि 'झाला' एवढ्याने काम भागतं. 'संपन्न होणार आहे' मात्र खटकतंच. कार्यक्रम व्हायचा आहे, तर 'होणार आहे' म्हणावं.

प्रतिसाद ६
आता पाठवण्याबद्दल. मजकूर १५० ते २०० शब्दांचा, युनिकोडमध्ये, ईमेलच्या अंगातच चिकटवलेला. लेटरहेडचा फोटो किंवा स्कॅन पाठवला तर कोणाला तरी तो पुन्हा टाइप करावा लागतो, आणि आडनावांच्या चुका तिथेच होतात. श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटातली फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडली, की अक्षरांच्या जागी नुसती चिन्हं दिसतात.

विषयाच्या ओळीत नुसतं 'प्रसिद्धीसाठी' नको. 'प्रसिद्धिपत्रक : जुन्या कोशांचे प्रदर्शन, शुक्रवार, २७ फेब्रुवारी' असं लिहावं. कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी, दुपारी चारच्या आत पाठवावं. संध्याकाळी पानं लावायची घाई असते. संपर्काचा क्रमांक मजकुराखाली वेगळ्या ओळीत द्या आणि पुढे 'छापण्यासाठी नाही' लिहा. नाहीतर तो छापून येतो.

फोटो वर्डच्या फाइलमध्ये डकवू नका, त्याचा दर्जा उतरतो. वेगळा जोडा. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटोओळ 'डावीकडून'ने सुरू करून फोटोत दिसणाऱ्या प्रत्येकाचं पूर्ण नाव क्रमाने द्या. 'आदी' फक्त मजकुरात चालतं. फोटोत पाच चेहरे आणि ओळीत तीन नावं असली, तर उपसंपादक तो फोटो लावत नाही.