गाडी मिसिंग मारते, गॅरेजवाला चारही कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीची वीज देतात त्या) बदला म्हणतो. घरी काही बघता येईल का?

साखळीकर:
पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, ७२,००० किमी. आठवडाभर सकाळी स्टार्ट केली की थरथरते. एसी लावला की डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा डुलायला लागतो. परवा बेळगावला जाताना चोर्ल्याच्या चढणीवर पिकअपच नाही, वर चेक इंजिनची लाइट लुकलुकली. गॅरेजवाला गाडी न उघडताच म्हणाला, चार कॉइल, चार प्लग, इंजेक्टर सफाई. चतुर्थी तोंडावर आलीय हो!

दहाचा पाना:
लाइट लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरात पेट्रोल नीट पेटत नाही. ते न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. तो वितळला तर कॉइलचा खर्च किरकोळ वाटेल.
ब्लूटूथवाला स्कॅनर कुणाकडे आहे का बघा. स्टीअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा, कोड मोबाइलवर दिसतो. पी०३०१ ते पी०३०४ पैकी काही आलं तर शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी०३०० म्हणजे एका जागी बोट ठेवता येत नाही, मग हवेचे पाइप, पेट्रोलचा दाब वगैरे बघावं लागतं.

साखळीकर:
मेव्हण्याकडून आणला. पी०३०२.

दहाचा पाना:
मग अजून एक पैसाही खर्च करू नका. इंजिन थंड, चावी बंद. दोन नंबरची कॉइल तीनवर, तीनची दोनवर. बोल्ट बहुधा दहाचा. वायरची क्लिप आधी दाबा, मगच ओढा. जुनं प्लास्टिक पापडासारखं मोडतं. कोड पुसून थोडी चालवा. पी०३०३ आला तर कॉइल दोषी. पी०३०२च राहिला तर प्लगची तशीच अदलाबदल. तरी कोड जागचा हलला नाही तर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब). तिथे मेस्त्रीच हवा.

पेडण्याचा भाचा:
मध्येच विचारतो, बॉनेट उघडून पाइपने पाणी मारलं होतं का?

साखळीकर:
मारलं होतं. पावसात सगळा लाल चिखल बसला होता.
कॉइल फिरवली, कोड तीनवर गेला! दोनच्या प्लगच्या खड्ड्यात चमचाभर पाणी, प्लगला गंज. कॉइलच्या रबरी टोपीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक रेघ आहे. पुसली, जात नाही.

दहाचा पाना:
जाणार नाही, ती जळाल्याची खूण आहे. स्पार्क प्लगच्या टोकापर्यंत न जाता त्या रेघेवरून बाजूच्या धातूत उतरतो. एसी लावला किंवा चढ आला की जास्त, कारण दाब वाढला की प्लगच्या फटीतून उडी मारणं कठीण आणि रेघेची वाट सोपी.
कॉइल एकच घ्या. साधे निकेलचे प्लग असतील तर ७२,०००ला चारही बदला. जुना प्लग सैल करण्याआधी खड्डा कापडाने टिपा, हवा मारा, नाहीतर गंज सरळ सिलिंडरमध्ये पडेल. नवा प्लग आधी बोटांनीच फिरवा. आडवा बसला आणि पान्याने आवळला तर हेडचे आटे गेलेच म्हणून समजा. आणि खड्ड्यात पाण्याऐवजी तेल असतं तर व्हॉल्व्ह कव्हरचं सील बघावं लागलं असतं.

साखळीकर:
एक कॉइल, चार प्लग. माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतो तिचं) सामान आणायला आज म्हापशाला नेली. एसी चालू, गणपती स्थिर.